वकील भांडणाआधी बोलवा



मागे महाळुंगे गटाची सभा झाली. लागणीच्या नोंदी, खोडव्यातले पाचट, ठिबकचे अनुदान हे नेहमीचे विषय आटोपल्यावर एक वेगळाच विषय निघाला. आपल्या कारखान्याने कामगार कायद्याचा जाणकार असा एक वकील वर्षभराच्या बोलीने सल्लागार म्हणून ठेवावा, अशी सूचना एका तरुण सभासदाने मांडली. त्यावर मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ सभासद उठले. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणत्यात. आन् हितं तर पायरीच आणून दारात बसवायची गोष्ट चाललीय! भांडण नाही, तंटा नाही, मग वकिलाला पैसं कशापायी? आमच्या उसाच्या बिलातूनच जाणार ना ते?"

सभा हसली, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या दिवशी वेळेअभावी उत्तर अर्धवट राहिले, ते आज या पानावर पुरे करतो. मी वकील नाही. कृषी पदविका घेतलेला आणि वीस-बावीस वर्षे उसाच्या सरीतून हिंडलेला माणूस आहे. कायद्याचे माझे शिक्षण पुस्तकातून झालेले नाही, ठेच लागून झाले आहे. ती ठेचही पुढे सांगणार आहे.

आबांना मी एवढेच विचारतो की, लागणीच्या आधी आपण बेणे औषधाच्या पाण्यात का बुडवतो? त्या वेळी कांडीवर ना काणी दिसते, ना खवले कीड. काम दहा-पंधरा मिनिटांचे, खर्च थोडका. पण तेवढे टाळले आणि पुढे उभ्या उसात काणीचा चाबकासारखा काळा पट्टा फुटला, तर बेट उपटून जाळण्यावाचून इलाज राहत नाही. कामगारांच्या तंट्याचेही असेच आहे. तंटा कोर्टात दिसतो, पण त्याचे बी बरेच आधी पडलेले असते. तोंडी दिलेल्या हुकमात असते, न दिलेल्या पत्रात असते, न ऐकलेल्या तक्रारीत असते. वकिलाची खरी गरज तिथे असते. आबांची म्हण अगदी खरी आहे. पायरी चढायची नसेल तर पायरी कुठे आहे हे आधी सांगणारा माणूस हवा, एवढेच माझे म्हणणे.

एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वकिलाला समेटाच्या टेबलापासून मुद्दाम दूर ठेवले होते. त्या कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे समेट अधिकाऱ्यापुढे वकील उभा राहू शकत नसे. कामगार न्यायालयातसुद्धा समोरच्या बाजूची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तरच. नव्या संहितेनेही हाच विचार ठेवला आहे. हेतू असा की मालक आणि कामगार यांनी समोरासमोर, साध्या भाषेत बोलावे, कायद्याचा कीस पडू नये. मग वकिलाला जागा कुठे उरली? तर भांडण होण्याच्या आधी. म्हणजे ज्याला आपण भांडणाचा माणूस समजतो, त्याची मोठी कामगिरी भांडण नसतानाचीच आहे.

आता माझी ठेच सांगतो. अठरा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका कारखान्याच्या शेतकी विभागात होतो, नाव घेत नाही. ऐन हंगामात एका सभासदाने तक्रार आणली की, अमुक स्लिपबॉयने पैसे घेऊन दुसऱ्याच्या उसाची तोडणीची पाळी पुढे आणली. गट ऑफिसात पन्नास माणसे गोळा झाली, आवाज चढले. मी वयाने लहान, अधिकाराचा ताठा ताजा. सगळ्यांदेखत त्या पोराला म्हणालो, "उद्यापासून कामावर येऊ नकोस." लोक शांत झाले, वरिष्ठांनी मान डोलावली. मलाही वाटले, काय निर्णय घेतला!

त्या पोराने त्या कारखान्यात सात हंगाम काढले होते. तो कामगार न्यायालयात गेला. साक्षीला मला बोलावले. त्याच्या बाजूच्या माणसाने मला तीनच प्रश्न विचारले. आरोप लेखी दिला होता का? त्याचे म्हणणे ऐकले होते का? तक्रारदाराला त्याच्यासमोर विचारले होते का? तिन्हींचे उत्तर एकच होते, नाही. सहा वर्षांनी निकाल लागला. त्याला कामावर परत घ्या आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्या. तो पैसा कोणाचा होता? सभासदांचाच.

पण पैशापेक्षा दुसरी गोष्ट मला आजही बोचते. त्या पोराने पैसे घेतले होते की नव्हते? मला आजवर ठाऊक नाही. घेतले असतील तर माझ्या उतावळेपणामुळे दोषी माणूस ताठ मानेने परत आला. घेतले नसतील तर एका निर्दोष घराची सहा वर्षे मी मातीत घातली. चौकशी झाली असती तर खरेखोटे कळले असते. न्याय द्यायची घाई केली आणि सत्यच हातचे घालवले.

त्या संध्याकाळी एखाद्या जाणकार वकिलाला फोन लावला असता तर त्याने काय सांगितले असते, हे नंतर एकाने मला समजावून दिले. काढू नका. फार तर लेखी आदेशाने निलंबित करा आणि पहिले नव्वद दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून चालू ठेवा. आरोपपत्र द्या, त्यात तारीख, शेताचा गट नंबर, कोणाची पाळी कोणाच्या पुढे गेली हे स्पष्ट लिहा. उत्तराला मुदत द्या. चौकशी तुम्ही स्वतः करू नका, कारण तुम्ही भर सभेत मत देऊन बसला आहात. तिऱ्हाईत माणूस नेमा. त्याच्यासोबत त्याचा सहकारी बसू द्या. तक्रारदाराला आणि तोडणी रजिस्टरला समोर आणा. एवढे सारे नेटाने केले तर दोन-तीन महिन्यांत उरकते. त्यात चूक ठरली तर शिक्षा टिकते, नाही ठरली तर माणूस सन्मानाने कामाला लागतो.

आता हंगामी कामगारांचा प्रश्न घ्या. आपला धंदाच हंगामी. गळीत संपले की कितीतरी माणसे घरी जातात आणि पुढच्या मोळी पूजनाला पुन्हा येतात. हंगाम संपल्यावर घरी पाठवणे ही कामगार कपात धरायची काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ साली पंजाबातल्या मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात आणि १९९७ साली आपल्या महाराष्ट्रातल्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, हंगाम संपला म्हणून काम थांबणे ही कपात नव्हे. पुष्कळ कारखान्यांनी एवढेच वाक्य ऐकले आणि खूश झाले. पण मोरिंडाच्या निकालात पुढेही काही आहे. हंगामी कामगारांचे रजिस्टर ठेवा. नवा हंगाम सुरू होताना ते राहतात त्या भागात जाहीर सूचना द्या. जे हजर होतील त्यांना सेवाज्येष्ठतेप्रमाणे आणि कामाच्या गरजेप्रमाणे घ्या. म्हणजे निकालाने कारखान्याला मोकळीक दिली तशी जबाबदारीही दिली. अर्धा निकाल वाचणारा कारखाना पुन्हा कोर्टात दिसतो. पुरा निकाल वाचून दाखवणारा वकील हवा तो यासाठी. ओळखीच्या माणसाचे नाव वर आणि जुन्या माणसाचे खाली, असे झाले की तंट्याचे बी पडलेच म्हणून समजा.

तिसरी गोष्ट तोडणीची. ती माझ्या खात्याची, म्हणून जास्त जबाबदारीने बोलतो. मुकादमाशी करार होतो, उचल दिली जाते. मुकादम बुडवून गेला की कारखाना, वाहतूकदार आणि शेतकरी तिघेही डोक्याला हात लावतात. दुसऱ्या बाजूने तोडणाऱ्या माणसाला विचारावे तर त्याच्या नावावर किती उचल मांडली, किती फिटली, हे त्याला सांगता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हिशेब नवऱ्याच्या नावाने होतो, बाईच्या घामाची नोंद कुठेच नाही. मग फडात काम अडते, शेतकऱ्याकडे खुशाली मागितली जाते, सभासद माझ्यावर तापतो. याचे मूळ पुष्कळदा करारात असते. करार छापील, कलमे बारीक अक्षरात, सही करणाऱ्याने वाचलेला नाही आणि कोणी वाचून दाखवलेला नाही. चांगला वकील या करारात पळवाट ठेवणार नाही आणि फासही ठेवणार नाही. उचल कोणाला दिली, वजावट कशी होईल, पावती कोणाच्या हातात जाईल, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे तो साध्या मराठीत मांडील.

दराचे भांडण राज्यपातळीवर सुटते हे आपण पाहतो. जानेवारी २०२४ मध्ये मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि कोयता बंद होता होता राहिला. पण दर तिथे ठरला तरी पावती आपल्याच फडात द्यायची असते. तो भाग आपल्याच हातचा आहे.

आता गावाकडे वळू या. महाळुंगे म्हटले की पूर्वी शेती आणि चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार आठवे. आज औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या आणि पहाटेच्या बसगाड्या आठवतात. आपल्यातल्या कित्येकांच्या जमिनी वसाहतीत गेल्या, आणि राहिलेल्या रानात ऊस लावणाऱ्यांची मुले त्याच कंपन्यांत पाळीवर जातात. म्हणजे आपण एकाच घरात दोन्ही बाजूंना आहोत. कारखान्याच्या सभेत आपण मालक आणि कंपनीच्या फाटकावर आपला मुलगा कामगार. ही गोष्ट विसरून या विषयावर मत देता येणार नाही.

२५ जून २०१३ रोजी याच महाळुंग्याच्या हद्दीतल्या बजाज ऑटोच्या कारखान्यात काम थांबले, ते सुमारे पन्नास दिवस. वेतनाचा प्रश्न होता, निलंबित कामगारांचा प्रश्न होता, आणि प्रत्येक कामगाराला एक रुपया दराने कंपनीचे ५०० शेअर द्यावेत ही तेव्हा फार गाजलेली मागणी होती. कंपनीने शेअर दिले नाहीत. ऑगस्टमध्ये संप मागे घेतला गेला. कोण बरोबर, कोण चूक हा निवाडा मी करीत नाही, तो माझा अधिकार नाही. पण ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल की, झळ फाटकाच्या आत थांबली नाही. चहाची टपरी, भाड्याच्या खोल्या, सुटे भाग करणारी लहान वर्कशॉपे, साऱ्यांना ती लागली.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपनीकडे वकील नसतील काय? असणारच. म्हणूनच सांगतो की वकील ठेवला म्हणजे तंटा टळला, असे नाही. वकिलाने आखलेली वाट आणि माणसाने माणसाचे ऐकणे, दोन्ही लागतात. मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण मोठे आहे. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करण्याचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेला दिलेला होता, आणि ती संघटना दुसरीच होती. कागद कायदेशीर होता, पण ज्यांचे ऐकायचे ते बाहेर रस्त्यावर उभे होते. तो संप रीतसर मिटलाच नाही, गिरण्याच विझत गेल्या. हाच कायदा आपल्या साखर धंद्यालाही लावला गेला होता, म्हणून हा धडा परका नाही.

आणि आणखी एक सावधगिरी. वकील दोन तऱ्हेचे असतात. एक नियम पाळायला शिकवतो, दुसरा नियमाला वळसा घालायला. दुसरा सांगतो, माणसाला दर काही महिन्यांनी खंड द्या म्हणजे तो कायम होणार नाही. काम कायमचे असले तरी ठेकेदाराच्या नावावर दाखवा. हाताखालच्या पोराला वर्षानुवर्षे शिकाऊच म्हणा. आपल्या गटातल्या एका सभासदाचा मुलगा वसाहतीतल्या एका कंपनीत तीन वर्षे असाच शिकाऊ राहिला आणि चौथ्या वर्षी त्याच्या जागी नवा शिकाऊ आला. वडील माझ्याकडे येऊन म्हणाले, "साहेब, पोरगं शिकलं तरी किती दिवस?" मला उत्तर देता आले नाही. हा सल्ला देणारा वकील भांडण मिटवत नाही, पुढच्या हंगामावर ढकलतो आणि व्याजासकट परत आणतो. जे आपल्या मुलाच्या बाबतीत आपल्याला चुकीचे वाटते ते आपल्या कारखान्यात दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतीत बरोबर कसे ठरेल?

हा विषय आताच का, असेही विचारले जाईल. कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार नव्या श्रम संहिता लागू केल्या आहेत. औद्योगिक विवादाचा १९४७ चा कायदा, स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा, कामगार संघटनांचा १९२६ चा कायदा यांची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यायचे आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य असलेली तक्रार निवारण समिती हवी आहे. जुन्या राज्य कायद्यांपैकी काय राहिले, काय बदलले, आपल्या हंगामी माणसांना काय लागू पडते, हे टाइम ऑफिसातल्या कारकुनाने अंदाजाने ठरवावे काय? नव्या जातीचे बेणे आले की आपण पाडेगावच्या संशोधन केंद्राला विचारतो. नवा कायदा आला की मात्र आपण शेजारच्या कारखान्यात काय करतात ते विचारतो, आणि शेजारचा आपल्याकडे बघत असतो.

तेव्हा मा. संचालक मंडळाला आणि सभासदांना माझ्या नम्र सूचना अशा आहेत.

१. सल्लागार जरूर नेमावा, पण त्याचे पहिले काम कोर्टातल्या तारखा न धरता आपले कागद तपासणे हे असावे. नेमणूक पत्रे, स्थायी आदेश, हंगामी रजिस्टर, मुकादमाचे करार हे हंगामापूर्वी तपासून व्हावेत.

२. कोणाही कामगारावर कारवाई करण्यापूर्वी खातेप्रमुखाने त्याला विचारल्याशिवाय तोंडी हुकूम देऊ नये. हा नियम सर्वांत आधी माझ्या खात्याला लावावा.

३. स्थायी आदेश सोप्या मराठीत छापून प्रत्येक कामगाराच्या हातात द्यावेत. सल्लागाराने वर्षातून एकदा कामगारांसमोर बसून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत.

४. तक्रार निवारण समिती कागदावर न राहता तिची बैठक ठरल्या तारखेला व्हावी. महिला कामगारांच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावी आणि फडातल्या बाईलाही तिचा पत्ता माहीत असावा.

५. वर्षअखेर किती तक्रारी आल्या, किती जागच्या जागी मिटल्या, किती कोर्टात गेल्या, याचा आकडा याच पत्रिकेत छापावा. कोर्टात गेलेल्यांचा आकडा कमी झाला नाही तर सल्लागाराला आणि आम्हा अधिकाऱ्यांना जाब विचारावा.

खर्चाबद्दल आबांचे म्हणणे मला मान्य आहे. बिलातला प्रत्येक रुपया घामाचा आहे. म्हणूनच तो कशावर जावा हे ठरवले पाहिजे. सहा वर्षे चाललेल्या एका खटल्यात माझ्यामुळे गेलेला पैसा मी पाहिला आहे. तो कोणत्याही वार्षिक अहवालात "अधिकाऱ्याचा उतावळेपणा" या नावाखाली दाखवला गेला नाही, इतर खर्चात मिसळून गेला. असे इतर खर्च किती कारखान्यांत किती असतील, देव जाणे.

तो स्लिपबॉय कामावर परत आला तेव्हा मी तो कारखाना सोडण्याच्या बेतात होतो. एकदा काट्यावर समोरासमोर आलो. त्याने नमस्कार केला, मीही केला. बोललो मात्र काही नाही. विचारायला हवे होते, पण सहा वर्षांनी विचारण्यात काय अर्थ? जे त्या रात्री दोन खुर्च्या मांडून विचारायचे होते ते राहून गेले. आपल्या कारखान्यात कोणाचे तसे राहू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आबा, वार्षिक सभेला जरूर या आणि पुन्हा विरोध करा. पण मत देण्याआधी घरी मुलाला एकदा विचारा की, त्याला नेमणुकीचे पत्र मिळाले आहे का.

जय किसान! जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, महाळुंगे गट